तिसऱ्या मजल्यावरची शेळी

उत्तम शिगवणचा फायदा आधी मांडून ठेवलेला बरा. महिन्याला चार हजार दोनशे रुपये जास्त, दिवाळीला बोनस, वर्षाला दोन गणवेश, आणि गेटवरच्या रजिस्टरात ‘कंत्राटी’च्या पानावरून ‘कायम’च्या पानावर बदली. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात तो अकरा वर्षं स्टोअर सांभाळत होता. कुठल्या रॅकवर कुठला ड्रम हे मालकापेक्षा त्याला जास्त ठाऊक. अकरा वर्षांनी मालकाला त्याला कायम करावंसं वाटलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात कंपनीच्या डॉक्टरांना त्याची साखर मोजावीशी वाटली.

उत्तम काही गाफील नव्हता. तपासणीआधी दोन दिवस त्याने लंघन केलं होतं. नुसतं लिंबूपाणी, तेही मिठाचं. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ डॉक्टर बसायचे, तिथे तो पोट आत ओढून गेला. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, मग त्याच्याकडे बघितलं.

“पथ्य कधीपासून करताय?”

“परवापासून.”

“ही चाचणी परवाचं विचारत नाही हो. मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. साडेआठ आहे.”

उत्तमने मनातल्या मनात तीन महिने मागे जाऊन पाहिलं. वाटेत गणपती लागले. “म्हणजे मोदकसुद्धा धरले?”

“मोजून धरले,” डॉक्टर म्हणाले. “गोळी देतोय ती घ्या, जेवण सुधारा आणि जानेवारीत या. सातच्या खाली आलात तर मी सही करतो. नाहीतर मालकांना दुसरा माणूस बघायला सांगावं लागेल.”

घरी मुलीने, रुचिताने, मोबाइलवरून आहाराचा तक्ता काढला. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, त्यामुळे घरातलं विज्ञान तिच्या खात्यात. सकाळी ओट्स आणि बदामाचं दूध, दुपारी क्विनोआ, संध्याकाळी ॲव्होकॅडो, स्वयंपाक ऑलिव्हच्या तेलात. उत्तमने तक्त्याखाली भाव लिहिले, जसे स्टोअरमध्ये लिहायचा तसे, आणि बेरीज केली. सहा हजार आठशे.

“चार हजार दोनशे मिळवायला सहा हजार आठशे घालायचे,” तो म्हणाला. “कायम झालो की महिन्याला सव्वीसशेचा खड्डा. त्यापेक्षा कंत्राटी बरा.”

“पप्पा, तब्येतीला पैशात नका ना मोजू.”

“मग कशात मोजू? ॲव्होकॅडोत?”

नंदाने तो कागद घडी करून मिठाच्या बरणीखाली सारला. ही उत्तमची बायको, टिळकनगरकडच्या एका पोळी-भाजी केंद्रात सकाळी सातपासून पोळ्या लाटायची. पोळीमागे दोन रुपये. बोलणंही लाटल्यासारखं, जाड कुठेच नाही.

“मी सांगते तसं. भात बंद, पाव बंद. नाचणीची नाहीतर ज्वारीची भाकरी, वाटीभर उसळ, रविवारी जवळा नाहीतर मांदेली. आणि अर्धं ताट पालेभाजी. ती रोज तुम्ही आणायची, कामावरून येताना. हे घ्या चाळीस रुपये.”

“रोज चाळीस?”

“माझ्या वीस पोळ्या आहेत त्या. जपून खर्च करा.”

दुसऱ्या दिवशी बाजारात गेल्यावर उत्तमला कळलं की चाळीस रुपये जपून खर्च करायला आधी ते पुरायला लागतात. पाऊस लांबलेला. मेथी पन्नास, पालक चाळीस, शेपू ‘विचारू नका’. चवळीची जुडी पस्तीसला होती, पण एवढी बारीक की तिघांत वाटायची तर चिमटीने. तो तसाच पुढे सरकत बाजाराच्या टोकाला आला. तिथे रंगूबाई बसायची.

रंगूबाई म्हणजे जवळच्या भोपर गावची जुनी माणसं. एके काळी भाताची शेतं, आता त्याच शेतांवर चार-चार मजले. तिचा मुलगा एकवीस खोल्यांचं भाडं गोळा करत हिंडायचा. तरी म्हातारी रोज दुपारी चारला टोपली घेऊन बाजारात हजर. घरी बसलं की गुडघे धरतात म्हणायची. एकवीस खोल्यांची मालकीण, पण मिरचीचे दोन रुपये कमी करा म्हटलं की गिऱ्हाइकाच्या बापाचा उद्धार. ती मुळ्यांचा पाला पिळून काढून मागे टाकत होती. नवलकोलाचा पाला, फ्लॉवरची पानं, बिटाचा लालसर पाला, असा मागे गुडघाभर ढीग.

“मावशी, पाला का काढताय?”

“लोकांना मुलं पायजेत, पाला नको. पिशवी भरते म्हनतात.” तिने एक मुळा झटकला. “आन ह्यो ढीग उचलायला त्यो झाडूवाला रोज धा रुपये घेतंय माज्याकना.”

आजूबाजूला चार बायका उभ्या होत्या. एकीच्या हातात मोबाइल, एकीच्या हातात छोटंसं कुत्रं. उत्तमने आवाज खाली आणला. “मी नेऊ का हा पाला?”

रंगूबाईने आवाज खाली आणला नाही. तिच्याकडे तो एकाच मापाचा होता. “कनाला रं? शेली पाल्लीस?”

चारही बायकांनी वळून पाहिलं. कुत्र्यानेही. आता इथे माणूस म्हणू शकला असता, नाही मावशी, आम्हीच खाणार. पण अकरा वर्षं इस्त्रीचा शर्ट घालून स्टोअर सांभाळलेला माणूस, बाजारात चार बायकांसमोर, फेकलेला पाला खायला नेतो असं सांगेल? उत्तमने मान हलवली. नुसती हलवली, तोंडातून शब्द काढला नाही, म्हणजे खोटं बोललो नाही असं त्याचं पुढे म्हणणं होतं.

“मंग ने की! मुक्या जनावराच्या तोंडात जाईल,” असं म्हणून तिने पिशवी दाबून दाबून भरली. उत्तमने तोंडदेखली दहा रुपयांची मिरची घेतली आणि पळाला.

घरी नंदाने पिशवी उलटी केली. “पाला झकास आहे. पण मुळे कुठायत?”

“आता नुसत्या पाल्याची जुडी मिळते. डाएटवाले नेतात.”

डाएटच्या नावाखाली डोंबिवलीत काहीही खपतं हे नंदाला केंद्रात बसून ठाऊक झालं होतं. तिने आणखी विचारलं नाही. लसूण ठेचली, पाला बारीक चिरला, भिजवलेली मूगडाळ टाकली. तिघांनी भाकरीबरोबर कढई पुसून घेतली. त्या दिवसापासून उत्तमचे दोन व्यवहार सुरू झाले. बाजारात त्याची शेळी होती आणि घरी त्याची खरेदी होती. दोन्हीच्या मधले चाळीस रुपये तो कारखान्यातल्या लॉकरमध्ये, बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायचा. कायम झाल्यावर चांगले बूट घ्यायचे होते. कायमच्या माणसाच्या पायात चप्पल बरी दिसत नाही.

शेळीला आठवड्याभरात नाव पडलं, ढवळी. रंगूबाईने विचारलं आणि उत्तमच्या तोंडून निसटलं. रंगूबाईच्या घरी पूर्वी अकरा शेळ्या होत्या, त्यामुळे तिला ढवळीत फार गोडी. रोज पाला बांधून तयार ठेवायची आणि वर दोन शब्द सांगायची.

“खाते कं नीट?”

“खाते हो. पण पोट जरा फुगल्यासारखं वाटतं.” हे अगदी खरं होतं. चार दिवस नवलकोलाचा पाला खाऊन उत्तमला स्टोअरमध्ये ड्रमाआड जाऊन उभं राहावं लागत होतं.

“येकच पाला रोज घालतंस, दुसरा काय व्हनार? आज मुला, उद्या फुलावर, परवा बीट. बदलत जा. आन वोवा घाल.”

उत्तमने बदलत नेला, वर ओवा घातला. पोट बसलं.

“बांधून ठेवतंस कं तिला?”

“बसूनच असते बऱ्यापैकी.”

“मंग कशी रं जनावर सुधरंल? चालव तिला. रोज संध्याकाली तासभर. आन रातचा चारा लौकर घाल, आठच्या आत. उशिरा घातला कं नुसता अंगाव चढते.”

दुसऱ्या दिवसापासून उत्तमने एमआयडीसीहून शेअर रिक्षा सोडली आणि चालत येऊ लागला. जेवण आठच्या आत. दिवाळीत पट्टा एक भोक आत गेला. ठाण्याच्या डॉक्टरांनी एवढं खोलात जाऊन सांगितलं नव्हतं. त्यांना शेळ्यांचा अनुभव नसावा. घरात तर सगळ्यांचंच बरं चाललं होतं. रुचिता आपणहून डबा नेऊ लागली, कॉलेजात मैत्रिणींना ‘लीफी ग्रीन्स’ म्हणून खिलवायची. नंदाला दुपारी चक्कर यायची ती थांबली. सहा हजार आठशेचा तक्ता मिठाच्या बरणीखाली ओलसर होत पडला होता.

नोव्हेंबर अर्धा सरला आणि एका संध्याकाळी रंगूबाईच्या जागी तिची सून शालू बसलेली दिसली. रंगूबाईचा नवरा राघो तापाने दवाखान्यात होता. पेशी उतरल्या होत्या, सलाइन चालू होतं, डॉक्टर काळजी नको म्हणाले होते. “पन आत्या ऐकतंय कं?” शालू म्हणाली. “कुनी सांगितला शेलीचा दूद पाजा. कालधरना तुमचीच वाट बघते. बोलते, ढवली हाय ना!”

उत्तमच्या हातातली पिशवी जड झाली. त्याने खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात दवाखान्यातून रंगूबाईच आली, पदराने घाम पुसत, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली. “रोज अर्धा लिटर दिलास तरी पुरंल रं बाबा. पैसं मी दीन.”

ज्या बाईचा पाला दीड महिना फुकट खाल्ला, तिच्या तोंडाकडे बघून उत्तम म्हणाला, “छे मावशी! तुमच्याकडून पैसे घेऊ?”

हे वाक्य त्याला पडलं रोज दोनशे चाळीस रुपयांना. डोंबिवलीभर हिंडून शेळीचं दूध मिळेना. शेवटी कारखान्यातल्या एकाने विठ्ठलवाडीचा पत्ता दिला. तिथला शेळीवाला सहा शेळ्या बांधून, खाटेवर मांडी घालून बसलेला. “चारशे चाळीस लिटर. तापाचे दिवस आहेत.”

“ताप उतरला की भाव उतरेल?”

“ताप उतरला की तुम्ही येणार नाही,” शेळीवाला म्हणाला. माणूस धंद्याला पक्का होता.

अर्ध्या लिटरचे दोनशे वीस, जाण्यायेण्याचे वीस. पहाटे विठ्ठलवाडी गाठायची, दूध घ्यायचं, स्टीलच्या किटलीत ओतायचं, दवाखान्यात शालूच्या हातात द्यायचं आणि धावत कामावर. असे आठ दिवस. बिस्किटांचा डबा तळाला लागला. त्यातले बूट आधी सँडल झाले, मग स्लिपर, मग दीडशे रुपये. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. इथे कोंबडी फुकट होती, म्हणून मसाल्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

राघो सलाइनवर बरा झाला आणि घरी आला. नवव्या दिवशी रंगूबाई पुन्हा टोपलीमागे बसली आणि तिने उत्तमला थर्मासमधला चहा ओतून दिला. “पी. बिनसाखरेचा हाय, मना पन साखरंचा तरास हाय.”

चहाला वेगळाच उग्र वास. उत्तमने घोट घेतला. “कसलं दूध आहे हो?”

“तुजेच ढवलीचा! म्हाताऱ्यानं तोंडाला लावला नाय येक दिस. वास येते बोलला. मंग मीच रोज चा करून प्यायली. आन शालूनं.”

चारशे चाळीस रुपये लिटरचा चहा उत्तमने शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. टाकवत नव्हता.

रविवारी दुपारी बारा वाजता शिगवणांची बेल वाजली. नंदाने दार उघडलं. दारात नऊवारीतली एक म्हातारी, धापा टाकत. मागे काठी टेकत आलेला म्हातारा. म्हातारीच्या एका हातात नारळ आणि पितळी घंटी, दुसऱ्या हातात हिरव्या पाल्याचा भारा.

“उत्तम हितंच राहतो ना? बाजारात इचारत इचारत आलो. तीन मालं चढवलंस गो आमाला. शेली कयं ठेवलाय? गच्चीव?”

“कसली शेळी?”

“ढवली! तिनं माज्या म्हाताऱ्यासाठी दूद दिला, तिला नारल फोडून घंटी बांधायचा नवस हाय माजा. दोन महिनं माज्याकना रोज पाला नेतंय तुजा मालक तिच्यासाठी.”

आत उत्तम भाकरीचा तुकडा हातात धरून बसला होता. ताटात मुळ्याचा पाला, पीठ पेरून. त्याने हात ताटाआड करायचा प्रयत्न केला, पण भाजी अर्धं ताट होती.

नंदाने म्हातारीच्या हातातल्या भाऱ्याकडे बघितलं. मग ताटाकडे. मग नवऱ्याच्या तोंडाकडे. पोळी फुगायला लागतो त्याहून कमी वेळ लागला तिला.

“या ना मावशी, आत या,” ती बाजूला झाली. “ही काय शेळी. बसलीये. भाकरी खातेय.”

रंगूबाईने ताट पाहिलं, उत्तमकडे पाहिलं, पुन्हा ताट पाहिलं. आणि मग जी हसायला लागली ती नारळ मांडीवर ठेवून भिंतीला टेकून बसली. राघोला काही कळेना. “आगं शेली कयं?” तो विचारत राहिला. रुचिता तर तोंडात ओढणी कोंबून स्वयंपाकघरात पळाली.

“मेल्या! म्हंजे पोट तुजा फुगत व्हता?”

“हो मावशी.”

“आन चालत पन तूच व्हतास?”

“रोज. पाच किलोमीटर.”

“आणि दूध?” नंदाने विचारलं. तिच्या आवाजात हसू नव्हतं. “दूध कुठून आणलं तुम्ही?”

उत्तमने विठ्ठलवाडी सांगितली. चारशे चाळीस सांगितले. बिस्किटांचा डबा सांगितला. बूटही सांगितले, सांगायला नको होते तरी. नंदा शांतपणे ऐकत होती, हाताने भाकरी थापत.

“फेकलेला पाला खाल्ला याचं मला काही नाही,” ती म्हणाली. “केंद्रात आम्ही फ्लॉवरच्या दांड्यांचं सांबार करतो, लोक बोटं चाटतात. मला सांगितलं असतं तर मीच पिशवी घेऊन गेले असते. पण माझ्याकडून रोज चाळीस घेतलेत? दोन महिने मी वीस पोळ्या जास्त लाटत होते, भाजी महाग म्हणून!”

“चुकलं,” उत्तम म्हणाला, आणि हे त्या दुपारचं त्याच्या जमेचं एकमेव कलम.

रंगूबाईने तणाव मोडला. “मना पन वाड गो थोरा. यवरी वर्सं इकते, कदी खाल्ला नाय. आमी गुरांना घालायचो.” नंदाने दोघांना ताटं वाढली. रंगूबाईने पहिला घास सावकाश चावला, ढवळीच्या तब्येतीची चौकशी करायची तशा गंभीर चेहऱ्याने. मग म्हणाली, “म्हाताऱ्या, खा. हिच्या हाताला चव हाय.” राघोने दोन भाकऱ्या खाल्ल्या, तापातून उठल्यावर पहिल्यांदाच. उत्तम त्याला भाजी वाढत राहिला.

निघताना त्याने विचारलं, “मावशी, उद्या पाला नेऊ ना? तपासणीला महिना आहे अजून.”

“ने की. पाच रुपयं जुडी.”

“आता पाच रुपये?”

“शेलीला फुकट दिला. मानूस खातो म्हंजे ती भाजी झाली.”

त्यावर नंदाने मान डोलावली. दोघींचं तिथेच जमलं. सोमवारपासून पाला आणायला नंदा जाऊ लागली आणि चाळीसातले पस्तीस रुपये तिच्याच कनवटीला राहिले. महिनाभर घरात भाकरी तीच, भाजी तीच, उत्तमचं चालणंही तेच. फरक इतकाच की आता तो तोंड उघडून विचारायचा, आज कुठला पाला?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात टेंभी नाक्याच्या डॉक्टरांनी कागद हातात घेतला. यावेळी उत्तमने आदल्या दिवशी पोटभर जेवून घेतलं होतं आणि पोट आत ओढलं नव्हतं. ते आपणच आत होतं.

“सहा पूर्णांक सहा,” डॉक्टर म्हणाले. “गोळी तर तीच आहे. आहारतज्ज्ञ कोण तुमचे?”

“भोपरच्या आहेत,” उत्तम म्हणाला. “फी घेत नाहीत. जुडीमागे पाच रुपये.”

डॉक्टरांनी सही केली. पंधरा तारखेला रजिस्टरातलं पान बदललं.

आता कुणाचे किती गेले ते. राघोचे काही गेले नाहीत, कारण त्याने काही प्यायलंच नाही. रंगूबाईचे झाडूवाल्याला द्यायचे रोजचे दहा वाचले, आणि पाल्याच्या तीस-तीस जुड्या आता ‘साखरवाल्यांची भाजी’ म्हणून खपतात. विठ्ठलवाडीच्या शेळीवाल्याला सतराशे साठ मिळाले, रेल्वेला एकशे साठ. दहा रुपये मिरचीचे. उत्तमच्या डब्यात उरलेले दीडशे नंदाने त्याच रविवारी काढून घेतले. मालक महिन्याला चार हजार दोनशे जास्त देतो, पण ते अकरा वर्षांचे उशिरा दिलेले, त्यांना खर्च म्हणता येत नाही. खरे पैसे भरले ते एकाच माणसाने. बावन्न दिवस, रोज चाळीस: दोन हजार ऐंशी वजा दीडशे. राहिले एकोणीसशे तीस. नंदाच्या नऊशे पासष्ट पोळ्या.